डोमेन जोडलं, पण ब्लॉग उघडेना

एकाच वर्डप्रेसवर पाच-पंचवीस ब्लॉग चालवायचे आणि प्रत्येकाला त्याचं स्वतःचं डोमेन द्यायचं, या मांडणीबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. अनेक ब्लॉग एकत्र चालवायची ही ‘मल्टिसाइट’ सोय २०१० मध्ये, ३.० या आवृत्तीपासून मूळ वर्डप्रेसमध्ये आली. २०१६ च्या ४.५ पासून डोमेन जोडायला वेगळं प्लगइनही लागत नाही. वर्डप्रेसमधलं काम त्यामुळे दोन मिनिटांचं झालं आहे. अडतं ते बहुतेक वेळा वेब सर्व्हरवर.

ब्राउझरमध्ये टाइप केलेलं नाव चार ठिकाणी ओळखलं जावं लागतं: डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा), वेब सर्व्हरच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (कोणत्या नावाला काय दाखवायचं ते सांगणारा सेटिंगचा भाग), एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटवर आणि वर्डप्रेसच्या ‘डब्ल्यूपी_ब्लॉग्ज’ या टेबलमध्ये. नाव यांपैकी कुठे अडलंय ते आधी शोधा, मगच फाइलीला हात लावा. खालचे बहुतेक घोळ चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती केल्यामुळे वाढलेले आहेत.

उदाहरणांत मुख्य नेटवर्क (सगळे ब्लॉग ज्याखाली चालतात ते वर्डप्रेस) ‘अंगण.टेस्ट’ आणि जोडलेलं डोमेन ‘पाककृती.टेस्ट’ असं धरलं आहे. ‘टेस्ट’ हा शेवट चाचणीसाठी राखीव असल्याने ही नावं कुणाच्या मालकीची नाहीत. आज्ञा, फाइलींची नावं आणि ही दोन डोमेन या पानावर नागरीत छापली आहेत. सर्व्हरवर ती रोमन लिपीत टाइप करायची. खऱ्या देवनागरी डोमेनचा प्रश्न वेगळा आहे, तो पुढे येतो.

प्रश्न : उबुंटूवर अपाचे २.४ हा वेब सर्व्हर आहे. ‘पाककृती.अंगण.टेस्ट’ हा ब्लॉग नीट चालतो. त्यासाठी ‘पाककृती.टेस्ट’ हे डोमेन घेतलं, डीएनएसमधला ए रेकॉर्ड (आयपी पत्त्याची नोंद) सर्व्हरकडे वळवला, नेटवर्क अ‍ॅडमिनमध्ये पत्ताही बदलला. पण नवं डोमेन उघडलं की अपाचेचं ‘इट वर्क्स’ पान येतं. — सांगली

ते पान दिसतंय याचा अर्थ डीएनएस बरोबर आहे. विनंती तुमच्या मशीनपर्यंत पोचली, पण अपाचेला त्या नावाचा व्हर्च्युअल होस्ट सापडला नाही. असं झालं की अपाचे चूक दाखवत नाही. त्या पोर्टवर (विनंती सर्व्हरच्या ज्या क्रमांकाच्या दारातून आली त्यावर) सगळ्यांत आधी वाचलेल्या होस्टच्या हवाली विनंती करून टाकतो. ‘साइट्स-एनेबल्ड’ फोल्डरमधल्या फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात आणि उबुंटूच्या मूळ फाइलीचं नाव ‘०००-डिफॉल्ट.कॉन्फ’ असतं. ती पहिली, म्हणून अनोळखी नाव तिच्याकडे जातं.

खात्री करायला ‘अपाचे२सीटीएल’ ही आज्ञा मोठ्या एसच्या पर्यायासह चालवा. प्रत्येक पोर्टखाली आधी ‘डिफॉल्ट सर्व्हर’ अशी ओळ येते, तिच्यापुढे फाइल आणि ओळीचा क्रमांक. त्याखाली ‘नेमव्हीहोस्ट’च्या ओळी आणि थोड्या आत सरकवलेल्या ‘अलायस’च्या ओळी. या यादीत ‘पाककृती.टेस्ट’ कुठेच नसेल तर निदान झालं.

आता नेटवर्कच्या कॉन्फ फाइलमध्ये पाहा. ‘सर्व्हरनेम’पुढे ‘अंगण.टेस्ट’ हे एकच नाव हवं. तिथे तारांकन (*, म्हणजे ‘कोणतंही नाव’) चालत नाही. ‘सर्व्हरअलायस’पुढे ‘*.अंगण.टेस्ट’ असेलच, कारण सबडोमेन ब्लॉग त्याच्यावरच चालतात. ‘पाककृती.टेस्ट’ हे अंगणचं सबडोमेन नाही, त्यामुळे त्या ताऱ्यात ते बसत नाही. ते आणि त्याचं तीन डब्ल्यूचं रूप अशी दोन्ही नावं अलायसमध्ये घाला. नावं वाढली की दुसरी सर्व्हरअलायस ओळ लिहिली तरी चालते. ‘डॉक्युमेंटरूट’ला, म्हणजे साइटचं फोल्डर सांगणाऱ्या ओळीला, हात लावू नका. नव्या डोमेनसाठी नवं फोल्डर करून त्यात वर्डप्रेसची दुसरी प्रत टाकायची नसते. सगळी डोमेन एकाच फोल्डरवर येतात आणि कोणता ब्लॉग दाखवायचा ते वर्डप्रेस ठरवतं.

मग ‘कॉन्फिगटेस्ट’ चालवा, ‘सिंटॅक्स ओके’ आलं की रीलोड करा. रीस्टार्ट नको. रीलोडमध्ये चालू असलेल्या विनंत्या तुटत नाहीत आणि बाकीच्या ब्लॉगांच्या वाचकांना काही कळतही नाही.

तरीही तेच पान आलं तर तीन जागा तपासा. फाइलीच्या नावाचा शेवट ‘.कॉन्फ’ आहे ना? अपाचे २.४ पासून डेबियन आणि उबुंटूवर तो नसेल तर फाइल वाचलीच जात नाही. दुसरं, कुठल्या तरी होस्टच्या सुरुवातीला ताऱ्याऐवजी सर्व्हरचा आयपी पत्ता लिहिला आहे का? तसा होस्ट असेल तर त्या पत्त्यावर आलेल्या विनंतीसाठी ‘*:८०’ वाले होस्ट विचारातच घेतले जात नाहीत. तिसरं, तुम्ही पोर्ट ८० ची (साध्या एचटीटीपीची) फाइल दुरुस्त करताय आणि ब्राउझर मात्र ४४३ वर (एचटीटीपीएसवर) जातोय, असं तर नाही? ही चूक सर्रास होते. जुन्या लेखांत ‘नेमव्हर्च्युअलहोस्ट’ नावाची ओळ घालायला सांगतात, २.४ मध्ये तिची गरज नाही.

मुखपृष्ठ उघडतंय पण आतला प्रत्येक लेख ४०४ देतोय, अशी पुढची तक्रार येण्याची शक्यता आहे. त्याचं कारण ‘अलाउओव्हरराइड’ हे अपाचेचं सेटिंग. त्याचं मूळ मूल्य ‘नन’ असतं आणि मग वर्डप्रेसची ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ फाइल वाचलीच जात नाही. नेटवर्कच्या फोल्डरपुरतं ते ‘ऑल’ करा आणि ‘रीराइट’ मॉड्यूल चालू आहे का ते बघा.

नेटवर्कचाच होस्ट पहिला ठेवला तर कोणतंही नाव थेट वर्डप्रेसकडे जाईल, दर वेळी फाइल बदलायला नको, असाही एक मार्ग आहे. तो चालतो. पण नुसत्या आयपी पत्त्यावर येणारे बॉट आणि तुमच्याकडे चुकून वळलेली परकी डोमेनही मग पीएचपीला (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिला) कामाला लावतात. वीस-पंचवीस डोमेनपर्यंत नावं हाताने लिहिलेली बरी. त्यापुढे हा मार्ग घ्या, पण ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये ‘नोब्लॉगरीडायरेक्ट’ ही व्याख्या देऊन ठेवा. नाहीतर सबडोमेनच्या नेटवर्कमध्ये अनोळखी नावाने आलेला माणूस ‘नवा ब्लॉग नोंदवा’च्या पानावर जाऊन पडतो.

प्रश्न : एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर चाळिसावं डोमेन घातलं आणि तपासणीतच ‘सर्व्हर नेम्स हॅश’ तयार करता येत नाही अशी चूक आली. आधीची सगळी नावं तर चालत होती. — पुणे

एनजिनएक्स सुरू होताना सगळ्या नावांचं एक हॅश कोष्टक (नाव पटकन शोधायची यादी) बनवतो. कोष्टकाच्या एका खणाचा आकार प्रोसेसरप्रमाणे ३२, ६४ किंवा १२८ बाइट असतो आणि एकूण आकाराची मूळ मर्यादा ५१२ असते. एखादं नाव फार लांब असलं किंवा नावं फार झाली की कोष्टक बसत नाही. चाळीस ही संख्या मोठी नाही, तेव्हा नवं नाव लांबलचक असणार. ‘सर्व्हर_नेम्स_हॅश_बकेट_साइज’ ही ओळ ‘एचटीटीपी’ ब्लॉकमध्ये, म्हणजे ‘सर्व्हर’ ब्लॉकच्या बाहेर लिहा आणि मूल्य दुप्पट करा: ३२ असेल तर ६४, ६४ असेल तर १२८. नावं शेकड्यांनी असतील तेव्हा आधी ‘मॅक्स_साइज’ वाढवायचा, नावांच्या संख्येच्या आसपास.

त्याच फाइलीत ‘कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम… इग्नोर्ड’ असा इशारा येत असेल तर तो सोडून देऊ नका. एकच नाव दोन ब्लॉकांत लिहिलं गेलंय आणि दुसरं निकामी झालंय, असा त्याचा अर्थ. तुम्ही नेमका तो दुसरा ब्लॉक दुरुस्त करत बसता आणि काहीच बदलत नाही.

एनजिनएक्समध्ये नाव जुळवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी तंतोतंत नाव, मग सुरुवातीला तारा असलेलं सगळ्यांत लांब नाव, मग शेवटी तारा असलेलं, शेवटी रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्याने जुळणारं नाव). यातलं काहीच जुळलं नाही तर ‘लिसन’च्या ओळीत ‘डिफॉल्ट_सर्व्हर’ लिहिलेला ब्लॉक, आणि तोही नसेल तर पहिला. नुसती अधोरेघ हे नाव पुष्कळ फाइलींत दिसतं. तिच्यात जादू काही नाही. कधीच न जुळणारं ते एक नाव आहे इतकंच. परक्या नावांसाठी वेगळा डिफॉल्ट ब्लॉक ठेवून त्यात ४४४ परत करणं सगळ्यांत स्वच्छ. त्यात एनजिनएक्स काहीही न बोलता जोडणी तोडतो.

आणखी एक जागा बघून ठेवा. ‘फास्टसीजीआय_पॅरम्स’ फाइलीत पीएचपीला दिलं जाणारं ‘सर्व्हर_नेम’ हे ब्लॉकमधलं पहिलं नाव असतं, वाचकाने टाइप केलेलं नव्हे. वर्डप्रेस स्वतः ‘एचटीटीपी_होस्ट’, म्हणजे टाइप केलेलं नाव, पाहतं, पण काही प्लगइन ‘सर्व्हर_नेम’वर विसंबतात आणि मग पाककृतीच्या ब्लॉगावरून जाणाऱ्या मेलमध्ये अंगणचा पत्ता येतो. तिथे तेच नाव देणारं डॉलर-होस्ट हे चल घातलं की प्रश्न सुटतो.

प्रश्न : जोडलेल्या डोमेनवर लॉगिन होत नाही. पासवर्ड बरोबर, तरी ‘कुकीज ब्लॉक्ड’ असं येतं. — नाशिक

सबडोमेनच्या नेटवर्कमध्ये वर्डप्रेस लॉगिनची कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) मुख्य डोमेनच्या नावाने काढू पाहतं. ‘पाककृती.टेस्ट’वरून आलेली ‘अंगण.टेस्ट’ची कुकी ब्राउझर स्वीकारत नाही, आणि ते योग्यच आहे. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये, ‘डब्ल्यूपी-सेटिंग्ज’ फाइल जोडणाऱ्या ओळीच्या वर, ‘कुकी_डोमेन’ची व्याख्या करा आणि तिचं मूल्य ‘एचटीटीपी_होस्ट’ द्या. आधीच्या कुणी तिथे अंगणचं नाव पक्कं लिहून ठेवलं असेल तर ते काढा.

जुन्या डोमेन मॅपिंग प्लगइनचा अवशेष म्हणून ‘सनराइज’ ही व्याख्या आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधली ‘सनराइज.पीएचपी’ फाइल राहिली असेल तर दोन्ही एकदमच काढा. नुसती फाइल उडवली तर व्याख्या ती शोधत राहते. प्रत्येक डोमेनवर वेगळं लॉगिन करावं लागेल. तो दोष नाही, कुकीचा नियमच तसा आहे.

प्रश्न : एकतीस डोमेनांसाठी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं एकच सर्टिफिकेट काढलं होतं. या वेळी नूतनीकरण झालं नाही आणि सगळेच ब्लॉग ‘असुरक्षित’ दिसू लागले. — पणजी

एका सर्टिफिकेटवर १०० नावं बसतात, म्हणून एकच काढायचा मोह होतो. पण नूतनीकरणाच्या वेळी त्यातलं प्रत्येक नाव पुन्हा तपासलं जातं. एकाने डोमेनची वार्षिक फी भरली नाही किंवा ते दुसऱ्या सर्व्हरवर नेलं की त्या एका नावापायी बाकीची तीसही अडकतात. तुमच्याकडे हेच झालेलं असणार. सर्टिफिकेट काढून देणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये कोणतं नाव नापास झालं ते स्पष्ट लिहिलेलं असतं. आज ते नाव वगळून सर्टिफिकेट काढा, ब्लॉग चालू होऊ द्या, आणि सवडीने मांडणी बदला.

मांडणी अशी असावी. मुख्य नेटवर्कसाठी ‘अंगण.टेस्ट’ आणि ‘*.अंगण.टेस्ट’ ही दोन नावं असलेलं एक वाइल्डकार्ड सर्टिफिकेट. दोन्ही नावं लागतात, कारण ताऱ्यात मूळ डोमेन येत नाही, आणि तारा एकाच पातळीपुरता चालतो. वाइल्डकार्ड फक्त डीएनएसच्या तपासणीने मिळतं, म्हणजे टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधली मजकुराची नोंद) घालावा लागतो. तुमच्या डीएनएस सेवेला एपीआय (प्रोग्रॅमने बदल करायची सोय) असेल तर सर्टबॉट तो स्वतः घालतो. जोडलेल्या प्रत्येक डोमेनला मात्र त्याचं वेगळं, दोन नावांचं सर्टिफिकेट: साधं आणि तीन डब्ल्यूचं. त्याला वेबरूट पद्धत (साइटच्या फोल्डरमध्ये तपासणीची फाइल ठेवणं) पुरते. मग ४४३ वर प्रत्येक डोमेनचा वेगळा व्हर्च्युअल होस्ट होतो, पण डॉक्युमेंटरूट तोच. सामायिक ओळी एका फाइलीत ठेवून प्रत्येक होस्टमध्ये ‘इन्क्लूड’ करा, म्हणजे होस्ट सहा-सात ओळींचा राहतो.

वेबरूट तपासणी नापास होण्याची तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. पहिलं, एनजिनएक्समध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली बंद करणारा नियम. तो सुरक्षेसाठी घातलेला असतो, पण तपासणीची फाइल ‘.वेल-नोन’ फोल्डरमध्येच असते, त्यामुळे ४०३ येतो; त्या फोल्डरला नियमातून वगळा. दुसरं, डीएनएसमध्ये उरलेला जुना एएएए रेकॉर्ड. तुम्ही ए रेकॉर्ड बदलता, आयपीव्ही६ चा विसरता. लेट्स एन्क्रिप्ट मात्र आयपीव्ही६ असेल तर तोच आधी वापरतं आणि जुन्या सर्व्हरवर जाऊन पोचतं. तुमच्या घरच्या जोडणीवर आयपीव्ही६ नसेल तर तुम्हाला सगळं ठीकच दिसतं. तिसरं, फायरवॉलवर पोर्ट ८० बंद असणं. सगळं एचटीटीपीएसवर नेलंय म्हणून ते बंद करू नका, ही तपासणी ८० वरूनच सुरू होते.

चाचणी नेहमी ‘ड्राय-रन’ने (प्रत्यक्ष बदल न करणाऱ्या तालमीने) करा. एका नावासाठी तासाला पाच नापास तपासण्यांची मर्यादा आहे आणि घाईत पाच संधी संपायला पाच मिनिटं लागत नाहीत. सर्टिफिकेट नवं मिळालं तरी वेब सर्व्हर रीलोड होईपर्यंत जुनंच देत राहतो, म्हणून सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय-हुक’मध्ये रीलोडची आज्ञा घालून ठेवा. आणि मुदत संपत आल्याचे मेल लेट्स एन्क्रिप्टने २०२५ च्या जूनमध्ये बंद केले आहेत. मुदतीवर नजर ठेवायची सोय तुम्हालाच करावी लागेल.

क्रमही महत्त्वाचा. आधी डीएनएस, मग पोर्ट ८० चा होस्ट, मग सर्टिफिकेट, मग ४४३ चा होस्ट आणि सगळ्यांत शेवटी वर्डप्रेसमधला पत्ता. उलट केलंत तर वर्डप्रेस वाचकाला अशा पत्त्यावर पाठवतं जिथे सर्टिफिकेटच नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयाने ‘.भारत’मधलं देवनागरी डोमेन घेतलं आहे. अपाचेत ते देवनागरीतच लिहिलं, चालत नाही. — सातारा

चालणार नाही, कारण सर्व्हरपर्यंत ते देवनागरीत पोचतच नाही. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत अक्षरं देवनागरी दिसली तरी ब्राउझर नावाचं प्युनिकोड रूप पाठवतो: प्रत्येक भाग ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारा, पुढे रोमन अक्षरं आणि आकडे. चारही ठिकाणी हेच रूप लिहायचं: डीएनएसमध्ये, सर्व्हरनेम-अलायसमध्ये, सर्टबॉटच्या आज्ञेत आणि नेटवर्क अ‍ॅडमिनमधल्या पत्त्यात. वर्डप्रेसच्या टेबलमध्ये देवनागरी नाव आणि विनंतीत प्युनिकोड, अशी गाठ कधीच पडत नाही.

मराठीत इथे एक खास खड्डा आहे. ‘पायऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो. एका कळफलकावर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर, हलन्त, मग ‘या’. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे, मग ‘या’. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळी नावं. त्यावर भर म्हणजे डोमेनांचे २००३ चे नियम ते न दिसणारं चिन्ह टाकून देतात, म्हणजे शब्द रफाराचा ‘पायर्या’ होतो. २००८ चे नियम ते हलन्तानंतर आलं तर राखतात. सर्व्हरवरची ‘आयडीएन’ ही आज्ञा जुन्या नियमांची आणि ‘आयडीएन२’ नव्या नियमांची, म्हणून दोन्ही वेगवेगळं उत्तर देऊ शकतात. एका शब्दाची अशी तीन प्युनिकोड रूपं होतात. त्यामुळे नाव स्वतः टाइप करून रूपांतर करू नका. डोमेन जिथे नोंदवलं त्याच्या पॅनेलमध्ये दिसणारं प्युनिकोड कॉपी करा. नोंदलं गेलेलं तेच खरं.

डोमेनच्या एका भागाला ६३ बाइटची मर्यादा आहे आणि प्युनिकोडमध्ये देवनागरी नाव बरंच लांबतं, म्हणून एनजिनएक्सवर वरच्या हॅशच्या चुकीशी तुमची गाठ लवकर पडेल.

जाता जाता, मराठी ब्लॉग चालवणाऱ्या प्रत्येकासाठी: लेखाच्या पत्त्यातला प्रत्येक देवनागरी वर्ण वर्डप्रेस नऊ चिन्हांत साठवतं आणि त्या रकान्याची मर्यादा २०० आहे. म्हणजे काना-मात्रा, हलन्त धरून २२ वर्ण. लांब शीर्षकांचे पत्ते मध्येच तुटतात ते यामुळे. पत्ता हाताने छोटा करून मगच लेख प्रसिद्ध करा.

प्रश्न : डोमेन बदलल्यावर जुने फोटो जुन्याच पत्त्यावरून येत होते, म्हणून डेटाबेसमध्ये थेट ‘रिप्लेस’ चालवलं. फोटो आले, पण बाजूचे विजेट आणि थीमची सेटिंग्ज गेली. — बडोदा

वर्डप्रेस बरीच सेटिंग्ज सीरियलाइझ करून, म्हणजे एका सलग मजकुरात बांधून, ठेवतं. त्यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते: ‘एस’, मग अपूर्णविराम (:), मग बाइटची संख्या, मग अवतरणात मजकूर. समजा संख्या ३४ आहे आणि आत जुना पत्ता. तुम्ही मजकुरातलं नाव बदललं, नवा पत्ता २८ बाइटचा झाला, पण आकडा ३४ च राहिला. पीएचपी ३४ बाइट वाचायला जातं, अवतरण जागेवर सापडत नाही आणि ते अख्खं सेटिंग रद्दबातल धरतं. विजेट पुसले गेलेले नाहीत, वाचता येत नाहीत इतकंच. तुमच्याकडे आधीचा बॅकअप असेल तर तो परत चढवा आणि तिथून नीट सुरू करा.

हे काम डब्ल्यूपी-सीएलआय या आज्ञांच्या साधनातल्या ‘सर्च-रिप्लेस’ने करायचं, ते लांबीचे आकडेही बदलतं. आधी ‘डीबी एक्स्पोर्ट’, म्हणजे डेटाबेसची प्रत. मग ‘यूआरएल’ पर्यायात तो एकच ब्लॉग सांगा, म्हणजे बाकीच्या ब्लॉगांची टेबलं सुरक्षित राहतात. आधी ‘ड्राय-रन’ने किती जागा बदलणार ते बघा. ‘जीयूआयडी’ हा रकाना वगळा. ती लेखाची ओळख असते, पत्ता नव्हे, आणि ती बदलली तर फीड वाचणाऱ्यांना सगळे जुने लेख नवे म्हणून दिसतात.

जुन्या सबडोमेनवर येणाऱ्या वाचकांना वाऱ्यावर सोडू नका. नेटवर्क अ‍ॅडमिनमध्ये पत्ता बदलला की ‘पाककृती.अंगण.टेस्ट’ या नावाचा ब्लॉग वर्डप्रेसच्या लेखी उरत नाही. त्यासाठी वेब सर्व्हरवर वेगळा छोटा होस्ट करा आणि त्यात नव्या डोमेनकडे ३०१ (कायमचा) रीडायरेक्ट ठेवा, नावापुढच्या मार्गासकट. इथे अपाचे आणि एनजिनएक्स यांच्यातला फरक ध्यानात घ्या. एनजिनएक्समध्ये तंतोतंत नाव ताऱ्यावर मात करतं, त्यामुळे ब्लॉक कुठेही लिहा. अपाचे मात्र क्रमाने पहिला जुळणारा होस्ट घेतो, ‘*.अंगण.टेस्ट’ची फाइल आधी वाचली गेली तर तुमचा रीडायरेक्ट कधीच चालत नाही. रीडायरेक्टच्या फाइलीला वर्णक्रमात आधी येईल असं नाव द्या.

नेटवर्क अ‍ॅडमिनमध्ये नवा पत्ता तीन डब्ल्यूशिवाय लिहा. वर्डप्रेस तीन डब्ल्यू असलेली विनंती आली तर साध्या नावानेही ब्लॉग शोधतं. उलटं मात्र करत नाही.

प्रश्न : कधी कधी पाककृतीच्या डोमेनवर चक्क दुसऱ्याच ब्लॉगचं मुखपृष्ठ दिसतं. रिफ्रेश केलं की कधी बरोबर, कधी चूक. — ठाणे

कधी बरोबर, कधी चूक असेल तर कॅशवर (तयार पानांच्या साठ्यावर) संशय घ्या. एनजिनएक्सच्या ‘फास्टसीजीआय_कॅश_की’मध्ये डॉलर-होस्ट आहे का पाहा. नसेल तर सगळ्या ब्लॉगांच्या मुखपृष्ठांची किल्ली एकच, म्हणजे नुसती तिरकी रेघ, आणि जो आधी कॅशमध्ये गेला तो सगळ्यांना दिसतो. किल्लीत होस्ट घाला आणि जुनी कॅश पूर्ण पुसा. नुसती किल्ली बदलली तर जुन्या फाइली मुदत संपेपर्यंत डिस्क अडवून बसतात.

प्रश्न : वेब सर्व्हरच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (विनंत्या घेऊन मागे पोचवणारा सर्व्हर) बसवला. आता काही डोमेन ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ देतात. — न्यू जर्सी

वाचक ते प्रॉक्सी एचटीटीपीएस आणि प्रॉक्सी ते सर्व्हर साधं एचटीटीपी, अशी जोडणी असणार. वर्डप्रेसला आलेली विनंती साधी दिसते, ते एचटीटीपीएसकडे पाठवतं. प्रॉक्सी तीच विनंती पुन्हा साध्या रूपात आणून देतो. हा फेरा संपत नाही.

प्रॉक्सी दुसऱ्याच्या जाळ्यावर असेल तर तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंतही एचटीटीपीएसच हवं, सर्टिफिकेटच्या तपासणीसकट. प्रॉक्सी तुमच्याच मशीनवर असेल तर त्याने ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हे हेडर (विनंतीसोबत जाणारी माहिती) पाठवायचं आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’मध्ये ते तपासून ‘एचटीटीपीएस’ हे सर्व्हर चल ‘ऑन’ करायचं. हे हेडर बाहेरून कुणीही पाठवू शकतं, म्हणून मागचा वेब सर्व्हर फक्त प्रॉक्सीलाच उत्तर देईल असं बघा.

मूळ होस्टचं नावही पुढे जायला हवं. एनजिनएक्स प्रॉक्सी म्हणून वापरताना होस्ट हेडरमध्ये आपणहून मागच्या सर्व्हरचं नाव घालतो, त्यामुळे वर्डप्रेसला ‘पाककृती.टेस्ट’ऐवजी १२७.०.०.१ (मशीनचा स्वतःचाच पत्ता) दिसतं आणि कुठलाच ब्लॉग जुळत नाही. ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ने होस्टमध्ये डॉलर-होस्ट घाला. अपाचेत त्यासाठी ‘प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन’ ही एक ओळ आहे.

मागच्या अपाचेच्या लॉगमध्ये सगळी डोमेन एकाच नावाखाली दिसत असतील तर लॉगच्या रचनेतला ‘टक्के-व्ही’ बदला. तो होस्टचं सर्व्हरनेम लिहितो, वाचकाने मागितलेलं नाव नव्हे. त्या जागी होस्ट हेडर छापणारं रूप घाला: टक्के, महिरपी कंसात ‘होस्ट’, मग छोटा आय. कोणत्या डोमेनवर काय बिघडलं हे मग लॉगच सांगेल.